स्वयंपाकघरातला हेडफोन

हेडफोनचा एक कान बंद पडला, की दोष बहुतेक वेळा कानाकडे नसतोच. तो जॅकच्या मानेशी असतो. वायर रोज तिथेच वाकते आणि आतली तांब्याची तार तुटते. जॅक बोटांत हळूच फिरवावा. आवाज येत-जात राहिला, की निदान झालं.

हा जॅक मुळात हेडफोनचा नाहीच. एकोणिसाव्या शतकातल्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर पाव इंची प्लग खोचून दोन माणसांची लाइन जोडून द्यायचे. आपला ३.५ मिलिमीटरचा जॅक त्याच प्लगचा धाकटा भाऊ. टोकाला डावा कान, मधल्या कडीला उजवा, दांड्याला सामाईक तार.

हेडफोनचा जन्म मात्र खरोखर घरातला. अमेरिकेतल्या युटा राज्यात नॅथनिएल बाल्डविन स्वतःच्या स्वयंपाकघरात हेडफोन बनवायचा. १९१०मध्ये त्याने ते अमेरिकी नौदलाकडे पाठवले. सोबतचं पत्र म्हणे रंगीत कागदावर जांभळ्या शाईने लिहिलेलं होतं. असं पत्र आपल्याकडच्या कुठल्याही कचेरीत थेट केराच्या टोपलीत गेलं असतं. नौदलाने चाचणी घेतली, हेडफोन सरस ठरले आणि मोठी मागणी आली. पण एका वेळी दहाच बनवता येतील, असं बाल्डविनने कळवलं. शेवटी जागा ओट्याएवढीच! (पुढे त्याने कारखाना काढला, दिवाळं निघालं, टपालातून फसवणूक केल्याबद्दल तुरुंगवासही झाला, ती कहाणी वेगळी.)

जी वस्तू ओट्यावर जुळवता येते, ती ओट्यावर उघडताही येते. नव्या वायरींनी एक खोडा घातला, इतकंच. आतल्या केसासारख्या तारांवर रंगीत लाखेचा थर असतो. तो जाळला किंवा खरवडला नाही, तर सोल्डर नुसतं घरंगळतं. पहिल्या खेपेला मी अर्धा तास सोल्डरलाच शिव्या घालत होतो. इंजिनीअरिंगच्या चार वर्षांत हे कुणी सांगितलं नव्हतं.

२०१६मध्ये आयफोन ७मधून जॅक गेला. त्याच वर्षी एअरपॉड्स आले. आयफिक्सिटने ते उघडून दुरुस्तीसाठी दहापैकी शून्य गुण दिले. तिथे तुटायला वायर नाही. बॅटरी म्हातारी होते, आणि ती डिंकाने चिकटवलेल्या कवचात असते. उघडायचं म्हणजे फोडायचं.

युरोपीय संघाचा २०२३चा नियम सांगतो, की १८ फेब्रुवारी २०२७पासून बहुतेक छोट्या उपकरणांची बॅटरी वापरणाऱ्यालाच काढता-बदलता आली पाहिजे. तोवर माझं सोल्डरिंग आयर्न वायरवाल्यांच्याच सेवेत आहे.