जामखेडचा दवाखाना आणि हापसा

टेन्शन आलं की मी मोबाईलवर आजची पावलं बघतो. लाइफस्टाइल म्हणजे एवढंच, असं वाटायचं. मग जामखेडची गोष्ट वाचली.

१९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे अमेरिकेतून शिकून नगर जिल्ह्यात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात आले. पाठोपाठ १९७२चा दुष्काळ. लोकांना औषधाआधी पाणी हवं होतं, म्हणून डॉक्टर बोअर घ्यायला लागले. आणि हापसे कुठे? मुद्दाम दलित वस्तीत. पाणी हवंय ना? या मग तिकडे! (ही आयडिया मला जाम आवडते.)

गावात नेमलेल्या नर्स टिकेनात. तेव्हा गावांनी आपल्यातल्याच बायका निवडल्या. बऱ्याच निरक्षर, कितीतरी दलित. ज्यांच्या हातचं पाणी चालत नव्हतं, त्यांच्याच हाती गावानं बाळंतपणं सोपवली. सुरुवातीला हजारात १७६ बाळं वर्षाच्या आत दगावायची. नव्वदीच्या दशकात हा आकडा तिसाच्या खाली आला. मधे, १९७९ला, आरोळे दांपत्याला मॅगसेसे मिळालं.

पुढे याच बायका गावात बीपीही मोजू लागल्या. आमच्या सोसायटीत माझं बीपी किती, हे कुणालाच माहीत नाही. खरं सांगू? मलाही नाही.