छोट्या काश्मीरची कुळकथा

रिचर्ड येट्स यांची ‘रिव्होल्यूशनरी रोड’ ही कादंबरी १९६१ साली आली. कनेटिकटच्या उपनगरात फ्रँक आणि एप्रिल व्हीलर यांचं टुमदार घर आहे, पदरात दोन मुलं आहेत, आणि त्याच घरात दोघांचा संसार नासत जातो. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर १९४७पासून लेव्हिट या बांधकाम कंपनीनं एका साच्यातली हजारो घरं बांधली. असली उपनगरं मग अमेरिकाभर पसरली.

त्याच सुमारास मुंबईनंही उपनगरात मोकळी, हिरवी जागा आखली. पण ती म्हशींसाठी. शहरातले तबेले, त्यांची घाण आणि दुधातली भेसळ यांवर उपाय म्हणून १९४९ साली गोरेगावला आरे वसाहत उभी राहू लागली.  सुमारे १,२८७ हेक्टर जमीन, तीसच्या वर गोठे, हजारो जनावरं. हे सगळं घडवणारे दारा खुरोडी यांना पुढे १९६३ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

माणसांच्या वाट्याला आली ती आरेतली रविवारची सहल. तळं, नावा आणि फुलझाडं असलेल्या बागेला लोक ‘छोटा काश्मीर’ म्हणू लागले. खरं काश्मीर कुणाला परवडत होतं? चाळीतल्या एका खोलीत सासू-सासरे, दीर, नणंदा. नव्या जोडप्याला चार शब्द बोलायचे तर घराबाहेरच पडावं लागे. सिनेमावालेही इथं आले. बिमल रॉय यांच्या ‘मधुमती’तला (१९५८) काही भाग आरेतच चित्रित झाला. पडद्यावरच्या प्रेमाला लागणारं रान इतकं जवळ होतं, की तिकीट काढून तिथं पोचता येई. मला या बागेचं मोल वाटतं ते यासाठी.

राजा ठाकूर यांच्या ‘मुंबईचा जावई’नं (१९७०) हीच कोंडी पडद्यावर आणली, बासू चटर्जींनी त्यावरून १९७२ साली ‘पिया का घर’ काढला. यातल्या नवराबायकोत दुरावा येतो तो एकांत मिळत नाही म्हणून. व्हीलरांना एकांताची ददात नव्हती.

पुढे बोरिवली-मुलुंडला ब्लॉक झाले, स्वतःचं दार लावून घेता येऊ लागलं. जागा आणि पैसा असूनही बाईला लग्नात काय कमी पडतं, हे गौरी देशपांडे यांनी ‘एकेक पान गळावया’मध्ये (१९८०) विचारलं, तेव्हा तो प्रश्न ऐकायला मराठी घरं तयार झाली होती.