मालक-चालकाचा जमाखर्च : एका अंदाजाचा इतिहास

स्वतःच्या मालकीचा ट्रक स्वतःच चालविणारा मनुष्य अर्थशास्त्राच्या दृष्टीने एकाच देहात दोन भूमिका वठवीत असतो. गाडीत पैसा गुंतविणारा भांडवलदार तोच आणि तिच्या चक्रामागे रात्र जागविणारा मजूरही तोच. भांडवलाला परतावा हवा आणि श्रमाला वेतन हवे. परंतु हाती येणारी रक्कम एकच असते. तीतून कोणाच्या वाट्याला किती, हा प्रश्न सुटल्यावाचून त्याच्या उत्पन्नाचा खरा अंदाज संभवत नाही. भारतातील मालवाहतुकीचा इतिहास पाहता व्यवहाराने आणि कायद्यानेही हा प्रश्न बहुधा टाळलेलाच दिसतो.

प्रथम या व्यवसायाच्या शब्दसंपत्तीकडे पाहणे उपयुक्त ठरेल. ‘भाडे’ हा शब्द संस्कृत ‘भाट’, ‘भाटक’ यांपासून आलेला असून बैलगाडीच्या काळापासून तो मालवाहतुकीत रुळलेला आहे. ‘खर्च’, ‘हमाल’ व ‘जकात’ हे मूळचे अरबी शब्द फारसीच्या द्वारे मराठीत स्थिरावले. ‘हप्ता’ हा फारसी शब्द मूळचा आठवड्याचा वाचक. आज तो दरमहा फेडावयाच्या कर्जालाही लागतो. म्हणजे जे पैसे प्रत्यक्ष हातातून जातात, त्या प्रत्येकाला बोलीत नाव आहे. उलट, गाडीचे मोल दिवसेंदिवस उतरत जाते त्याला ‘घसारा’ हा शब्द असला, तरी तो हिशेबनिसाच्या वहीतला. अड्ड्यावरच्या बोलण्यात तो क्वचितच येतो. मालकाने स्वतःला द्यावयाच्या मजुरीला तर स्वतंत्र शब्दच नाही. ज्याला नाव नाही ते हिशेबातून सहज निसटते.

खर्चाची नावे असलेली कलमेही एकदम निर्माण झालेली नाहीत; त्यांतील कित्येकांमागे शासनाचा एखादा निर्णय आहे. बॅ. मुकुंदराव जयकर हे पुढे १९४८ साली पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. त्यांच्या अध्यक्षतेखाली १९२७ साली रस्तेविकासाचा विचार करण्यासाठी समिती नेमण्यात आली आणि तिच्या शिफारशीनुसार १९२९ मध्ये पेट्रोलवर गॅलनमागे २ आणे जादा कर बसवून रस्तेनिधी उभारला गेला. रस्त्याचे मोल इंधनातून वसूल करण्याची पद्धती तेथून रूढ झाली. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने परवान्याचे बंधन घातले. मिनू मसानी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९५९ साली परवानापद्धती सैल करण्याचा आग्रह धरला. तथापि त्या दिशेने मोठे पाऊल पडले ते १९८८ च्या कायद्याने. हा कायदा १ जुलै १९८९ पासून अंमलात आला. प्रवेश सुलभ झाला, तशी एकाच भाड्यासाठी उभ्या राहणाऱ्या गाड्यांमधील चढाओढही वाढली. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलच्या दरावरील सरकारी नियंत्रण उठले आणि सर्वांत मोठे कलमच अस्थिर झाले. मुंबईची जकात १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कराच्या आगमनाबरोबर संपली. ती जकात मालावरची होती, परंतु नाक्यावरचा खोळंबा गाडीचा होता. हा वाया गेलेला वेळ कोणत्याही पावतीवर लिहिला जात नसे.

वरील विवेचन स्पष्ट व्हावे म्हणून एक काल्पनिक उदाहरण घेता येईल. समजा, १६ टन एकूण वजनाचा ट्रक महिन्याला ७,००० किलोमीटर धावतो आणि त्यांपैकी ३० टक्के अंतर रिकामा जातो. भरलेल्या ४,९०० किलोमीटरांवर ६० रुपये दराने भाडे २,९४,००० रुपये होते. लिटरला ४ किलोमीटर या हिशेबाने १,७५० लिटर डिझेल लागते. ९० रुपये दराने त्याचे १,५७,५०० रुपये होतात. टोल ३५,०००, टायर, तेल व दुरुस्ती २८,०००, विमा, कर व परवाना ८,०००, दलाली व हमाली ८,००० असे धरल्यास एकूण खर्च २,३६,५०० रुपये होऊन ५७,५०० रुपये उरतात. कर्जाचा हप्ता ४५,००० रुपये असेल, तर हाती १२,५०० रुपये राहतात. सामान्यतः मालक यालाच आपली कमाई समजतो.

वस्तुतः हा आकडा ना उत्पन्नाचा आहे, ना नफ्याचा. हप्त्यातील ३०,००० रुपये मुद्दल आणि १५,००० रुपये व्याज असेल, तर मुद्दलाची फेड हा खर्च नव्हे. तिच्या जागी घसारा धरला पाहिजे; दोन्ही धरल्यास तोच खर्च दोनदा मोजला जाईल. २४ लाखांची गाडी आठ वर्षांनी ४ लाख ८० हजारांना विकली जाईल असे मानल्यास महिन्याचा घसारा २०,००० रुपये येतो. व्याज व घसारा वजा जाता उत्पन्न २२,५०० रुपये ठरते. परंतु त्याच गाडीवर चालक ठेवला असता, तर त्याला २०,००० रुपये द्यावे लागले असते असे मानल्यास शुद्ध नफा अवघा २,५०० रुपये उरतो. रिकामे अंतर ३० ऐवजी ४० टक्के झाले, तर भाडे ४२,००० रुपयांनी घटते. रिकाम्या गाडीला इंधन काहीसे कमी लागते, हे जमेस धरूनही नफा नाहीसा होतो आणि मालक स्वतःच्या मजुरीतून गाडी पोसू लागतो. परतीच्या भाड्यासाठी चालक अड्ड्यावर दोन दोन दिवस का थांबतो, याचे उत्तर येथे मिळते.

असा हिशेब ठेवणे कठीण, हे शासनानेही मान्य केले. १९९४ च्या वित्त अधिनियमाने आयकर कायद्यात ‘४४ एई’ हे कलम घातले आणि दहापर्यंत मालगाड्या असणाऱ्यांना वह्यांतून सूट देऊन जड वाहनामागे महिन्याला २,००० रुपये उत्पन्न गृहीत धरले. २०१८ साली बारा टनांवरील वाहनासाठी ही रक्कम दर टनाला १,००० रुपये झाली. वरील ट्रकला ती १६,००० रुपये येते. हा अंदाज वजनावर व मालकीच्या महिन्यांवर आधारलेला होता. डिझेलचा भाव आणि रिकामी फेरी यांचा त्यात विचार नव्हता. विशेष हे की, भागीदारी संस्थेला या गृहीत उत्पन्नातून भागीदारांचे वेतन ठरावीक मर्यादेत वजा करण्याची मुभा होती. एकट्या मालकाला स्वतःच्या श्रमाचे मोल वजा करता येत नव्हते.

श्रमविषयक कायद्याचीही गोष्ट निराळी नाही. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा घातली. परंतु तो कायदा पाच वा अधिक कामगार असलेल्या उपक्रमांपुरता होता. स्वतःच स्वतःचा नोकर असलेला मनुष्य त्याच्या कक्षेबाहेर राहिला. त्यामुळे भाडे पडले की तो दर वाढवू शकत नाही, तास वाढवितो. त्या वाढीव तासांचा खर्च वहीत शून्य दिसतो. प्रत्यक्षात तो झोपेतून, आरोग्यातून आणि रस्त्यावरील सर्वांच्या सुरक्षिततेतून भागविला जातो. मालक-चालकाच्या जमाखर्चात चालकाच्या नावे एक ओळ घालणे हा, म्हणून, केवळ हिशेबाच्या शुद्धतेचा प्रश्न नाही. ती ओळ घातल्यावर जे भाडे परवडत नाही, ते भाडे मुळातच परवडणारे नव्हते, असा निष्कर्ष या इतिहासावरून काढावा लागतो.