बाहेरचा गुरू आणि आपला संघ



एखाद्या खेड्यातल्या शाळेत नवे हेडमास्तर रुजू झाले की पहिले आठ दिवस गावात दुसरा विषय नसतो. कुठले राहणारे, आधीच्या गावाहून बदली का झाली, हाताचे कडक की मनाचे मऊ, या सगळ्याचा खल पारावर होतो. गुरुजींनी अजून एक तासही घेतलेला नसतो, पण गावाने मात्र त्यांची परीक्षा घेऊन निकालसुद्धा लावून टाकलेला असतो. खेळाच्या संघाला नवा शिक्षक मिळाला, ज्याला आता लहानथोर सगळेच ‘कोच’ म्हणतात, की अगदी असेच घडते. आज मी अशाच एका नेमणुकीची हकीकत सांगणार आहे. ती आपल्याच घरची, म्हणजे विदर्भाच्या क्रिकेट संघाची आहे. मी इतिहासाचा शिक्षक, मैदानावरचा माणूस नव्हे. पण ही हकीकत मला इतिहासाचीच वाटते.

२०१७ साली विदर्भ क्रिकेट संघटनेने आपल्या रणजी संघासाठी चंद्रकांत पंडित यांना कोच नेमले. मुंबईचे यष्टिरक्षक, भारताकडून पाच कसोटी सामने खेळलेले. जलद गोलंदाजांना शिकवायला सुब्रतो बॅनर्जी होते. ते मूळचे पाटण्याचे. १९९२ साली सिडनीला त्यांनी भारताकडून एकच कसोटी सामना खेळला. म्हणजे फलंदाजांचा गुरू मुंबईचा आणि गोलंदाजांचा बिहारचा!

ही बातमी आली तेव्हा मी रामटेकला बसस्थानकाजवळ चहा घेत उभा होतो. कॉलेजची चार मुले, एक सेवानिवृत्त शिक्षक आणि दोन-तीन दुकानदार अशी मंडळी होती. एका मुलाने वर्तमानपत्र घडी करून काखेत मारले आणि म्हणाला, “काहून बे, मुंबईनं काढून टाकलेला माणूस आपल्याले कायले पाह्यजे?” दुसरा म्हणाला, “आपल्याकडे काय माणसं नाहीत का? नागपूरचा कोणी भेटला नाही?” त्यावर सेवानिवृत्त गुरुजी शांतपणे म्हणाले, “पोट्टेहो, साठ वर्षं घरच्यांनीच शिकवलं. काय मिळालं ते सांगा बरं.” मुले गप्प झाली, पण त्यांना पटले असे मला वाटले नाही.

त्या मुलांचे म्हणणे अगदीच पोरकट नव्हते, हे आधी सांगितले पाहिजे. पंडितांच्या हाताखाली मुंबईने २०१५-१६ चा रणजी करंडक जिंकला होता. पुढच्याच हंगामात, २०१७ च्या जानेवारीत, इंदूरला अंतिम सामन्यात गुजरातने मुंबईला हरवले. गुजरातचे ते पहिलेच अजिंक्यपद. ते मिळाले आणि इकडे मुंबईने पंडितांना निरोप दिला. एक करंडक आणि एक उपविजेतेपद मिळवून देणाऱ्या माणसाला जो संघ घरी पाठवतो, त्याने काहीतरी पाहिले असेलच, असा तर्क चहाच्या टपरीवर कोणीही करील.

पण ‘बाहेरचा कशाला’ या प्रश्नाचे मूळ फार जुने आहे, आणि त्यासाठी आपल्याला शंभर वर्षे मागे जावे लागेल. भारताच्या पहिल्या कसोटी सामन्याचे, १९३२ च्या लॉर्ड्‌सवरच्या सामन्याचे कर्णधार सी. के. नायडू हे नागपूरचे. १८९५ साली नागपुरात जन्मले, तिथल्याच हिस्लॉप कॉलेजात शिकले. १९२३ साली होळकर महाराजांनी त्यांना इंदूरला नेले, आपल्या फौजेत हुद्दा दिला आणि त्यांच्याभोवती संघ उभा केला. पैशाने आणि मानाने माणसे जमवण्याची ही होळकरांची पद्धत. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टन फौजेबरोबर महूला आला, तर त्यालाही त्यांनी आपल्याकडून खेळवले. (हा गृहस्थ इंग्लंडमध्ये आर्सेनल या नामांकित संघाकडून फुटबॉलही खेळत असे.) होळकर संघाने चार वेळा रणजी करंडक जिंकला. नागपूरच्या वाट्याला ‘आमचे नायडू’ म्हणण्यापलीकडे काही आले नाही.

पुढे १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, नागपूर मध्य प्रदेशातून निघाले आणि १९५७-५८ पासून विदर्भ आपल्या नावाने रणजी करंडकात उतरला. तेव्हापासून आपला हिशेब साधा होता. चांगला गडी निघाला की तो बाहेर जाणार आणि संघ मागच्या रांगेत बसणार. उपांत्य फेरी म्हणजे काय हे साठ वर्षांत आपण पाहिले नव्हते. मुंबईच्या नावाने आपल्या मुलांच्या कपाळाला आठी पडते ती या साठ वर्षांची आहे. बिचाऱ्या पंडितांचा त्यात काही दोष नव्हता.

इथे एक आडवळण घेऊ द्या, रामटेकच्या माणसाला ते टळत नाही. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी मेघदूतातला रामगिरी म्हणजे आपले रामटेक असे प्रतिपादन केले. आणि पायथ्याजवळच्या नगरधनला ज्या वाकाटकांची राजधानी होती, त्यांच्या प्रवरसेन राजाच्या नावावर असलेल्या ‘सेतुबंध’ काव्याला कालिदासाचा हात लागला आहे, अशी जुन्या टीकाकारांची परंपरा सांगते. परंपरा खरी की खोटी यावर पंडित भांडोत. (हे दुसरे पंडित, बरं का!) पण ती खरी धरली, तर राजपुत्राच्या काव्याला बाहेरून आलेल्या गुरूचा हात लागल्याची चर्चा आपल्या टेकडीच्या पायथ्याशी पंधराशे वर्षांपूर्वीही झाली असली पाहिजे. नगरधनच्या पाराला ते आवडले असेल असे मला वाटत नाही.

असो. पंडित आले ते ओसाड रानात आले नव्हते, हे मात्र आपण पुढे विसरलो. २००८ साली वर्धा मार्गावर जामठ्याला नवे मैदान झाले होते. मुलांना निवासी शिक्षण देणारी अकादमी निघाली होती. भारताकडून खेळलेले नागपूरचे जलद गोलंदाज प्रशांत वैद्य संघटनेच्या कारभारात लक्ष घालत होते. २०१४-१५ आणि २०१५-१६ या दोन्ही हंगामांत संघ उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेला होता. मुंबईचा वसीम जाफर २०१५ पासून आपल्याकडून खेळत होता. या जाफरची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. २०१६-१७ चा हंगाम दुखापतीमुळे त्याचा वाया गेला, पण संघटनेने त्याचे पैसे अडवले नाहीत. तेव्हा पुढच्या हंगामात तो मोबदला न घेता खेळला. बाहेरचा माणूस म्हणजे पैशाचा माणूस, असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

आणि कोळशाच्या खाणीत काम करणाऱ्या बापाचा मुलगा उमेश यादव. खापरखेड्याजवळच्या वलनीच्या वसाहतीत वाढलेला हा मुलगा २०११ साली भारताकडून कसोटी खेळला, तो विदर्भ संघातला पहिलाच. सावनेर, पारशिवनी, रामटेक इकडच्या पोरांना त्या दिवशी पहिल्यांदा कळले की ही वाट आपल्याही गावावरून जाते.

मग कोचने केले काय? लोक म्हणतात शिस्त लावली. ते खरे आहे. पंडितांची कडक माणूस म्हणून ख्याती आहे. पण मला वाटते, त्यांनी मुलांच्या डोक्यातला एक हिशेब बदलला. ‘उपांत्यपूर्व फेरी गाठली, खूप झाले’ हा तो हिशेब.

डिसेंबर २०१७. कोलकात्याला कर्नाटकाशी उपांत्य सामना. आपला पहिला डाव १८५ धावांत आटोपला. कर्नाटकाने ३०१ केल्या, त्यात करुण नायर या एकट्या गड्याच्या १५३. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. दुसऱ्या डावात आपण ३१३ केल्या आणि कर्नाटकाला जिंकायला १९८ धावा हव्या होत्या. शेवटच्या सकाळी त्यांचे तीन गडी शिल्लक आणि ८७ धावा बाकी होत्या. ते तिघे एकेक धाव जोडत इतक्या जवळ आले की माझ्या वर्गातल्या मुलांचे लक्ष माझ्याकडे नव्हते आणि, खरे सांगायचे तर, माझेही पुस्तकाकडे नव्हते. पाच धावांनी आपण जिंकलो. रजनीश गुरबानी या इंजिनियर झालेल्या मुलाने त्या डावात ६८ धावांत सात गडी बाद केले.

अंतिम सामना दिल्लीशी, आणि तो कुठे? इंदूरला, होळकरांच्या नावाच्या मैदानावर. ज्या गावाने आपला नायडू नेला तेच गाव आणि ज्या मैदानावर अकरा-बारा महिन्यांपूर्वी पंडितांचा मुंबईचा संघ हरला तेच मैदान. गुरबानीने हॅट्ट्रिक घेतली. रणजीच्या अंतिम सामन्यात असे त्यापूर्वी एकदाच, १९७२-७३ च्या हंगामात, तामिळनाडूच्या कल्याणसुंदरमने केले होते. अक्षय वाडकरने १३३ धावा काढल्या आणि आपला डाव ५४७ पर्यंत गेला. १ जानेवारी २०१८ या दिवशी फैज फजलच्या नेतृत्वाखाली विदर्भाने नऊ गडी राखून करंडक जिंकला.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम त्याच टपरीवर गेलो. वर्तमानपत्राची घडी काखेत मारणारा तोच मुलगा म्हणत होता, “मी पहिलेच म्हटलं होतं, माणूस पाह्यजे तर असा!” मी काही बोललो नाही. सेवानिवृत्त गुरुजींनी माझ्याकडे पाहून नुसती भुवई वर केली.

नव्या कोचला आधी शिव्या आणि मग हार, हे आपल्याकडेच होते असे नाही. कधी हार मिळतही नाही. इंग्लंडमधल्या लीड्‌स युनायटेड या फुटबॉल संघाने १९७४ साली ब्रायन क्लफ या गृहस्थाला नेमले. हा माणूस आधी त्याच संघावर उघड टीका करत असे. आल्या आल्या त्याने त्या विजेत्या खेळाडूंना सुनावले की तुमची पदके फेकून द्या, ती सचोटीने मिळवलेली नाहीत. खेळाडू दुरावले, लोक रुसले आणि ४४ दिवसांत त्याला जावे लागले. तोच क्लफ पुढे नॉटिंगहॅम फॉरेस्ट या लहान संघाकडे गेला आणि १९७९ व १९८० अशी दोन वर्षे युरोपचा करंडक घेऊन आला. माणूस एकच, घर निराळे. आपल्या देशातही २००५ साली ऑस्ट्रेलियाचे ग्रेग चॅपेल भारताचे कोच झाले आणि सौरव गांगुली संघाबाहेर गेला, तेव्हा कोलकात्याच्या रस्त्यांवर लोकांनी पुतळे जाळले. कोच चांगला की वाईट याच्याशी त्या जाळपोळीचा संबंध थोडा. ‘आमच्या माणसाला हात लावला’ हा त्यातला खरा संताप.

इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात एक खोड असते. राजा बदलला की नवे प्रकरण सुरू करायचे. जणू कालपर्यंत नांगर धरणारा शेतकरी राज्याभिषेकाच्या दिवशी बदलतो! कोचच्या बाबतीत लोक हेच करतात. पंडितांच्या आधी ज्यांनी या मुलांना सकाळी पाच वाजता उठवून पळवले, त्यांची नावे कोणी घेतली नाहीत. पण उलटेही खरे आहे, आणि आमच्या घरभक्त मंडळींना ते मी नेहमी सांगतो. तीच मुले आणि तेच मैदान आधीही होते, करंडक मात्र नव्हता.

पुढचा भाग झटपट सांगतो. २०१९ च्या फेब्रुवारीत जामठ्यालाच सौराष्ट्राला ७८ धावांनी हरवून विदर्भाने करंडक राखला. डावखुरा फिरकी गोलंदाज आदित्य सरवटे याने त्या सामन्यात अकरा गडी टिपले. त्याच महिन्यात इराणी करंडकही राहिला आणि त्याची बक्षिसाची रक्कम संघाने पुलवामात हुतात्मा झालेल्या जवानांच्या कुटुंबीयांना दिली. २०२० साली पंडित मध्य प्रदेशकडे गेले. आता टपरीवर निराळाच सूर निघाला, “आपल्याले सोडून गेला.” तीन वर्षांपूर्वी जो कशाला आला होता, तो आता का गेला! २०२२ साली त्यांच्या मध्य प्रदेशाने मुंबईला हरवून पहिला रणजी करंडक मिळवला. बंगळूरच्या ज्या मैदानावर १९९९ साली मध्य प्रदेशचे कर्णधार म्हणून ते अंतिम सामना हरले होते, तिथेच. २०२४ साली कोलकात्याचा आयपीएल संघ जिंकला तेव्हाही कोच तेच होते, पण लोकांनी जयजयकार केला तो गौतम गंभीरचा.

आणि विदर्भ? आपल्या संघाची सूत्रे उस्मान गनी या घरच्या माणसाकडे आली. २०२४ साली अंतिम सामन्यात मुंबईकडून हरलो. २०२५ साली उपांत्य सामन्यात त्याच मुंबईला ८० धावांनी हरवले आणि केरळाशी अंतिम सामना जामठ्याला झाला. आता गंमत पाहा. आपल्याकडून दुसऱ्या डावात १३५ धावा काढणारा गडी होता करुण नायर. होय, तोच कोलकात्याचा, तेव्हा आपला पाहुणा खेळाडू. आणि केरळाकडून आपल्याविरुद्ध ७९ धावा करणारा होता आदित्य सरवटे, आपला नागपूरचा. पहिल्या डावातल्या ३७ धावांच्या आघाडीवर २ मार्चला तिसरा करंडक आपला झाला.

त्या संध्याकाळी टपरीवर गर्दी होती. मुले आता नवी होती. नायरच्या शतकाविषयी बोलणे चालले होते, तरुण दानिश मालेवारच्या १५३ धावांविषयी, हर्ष दुबेने हंगामात घेतलेल्या विक्रमी ६९ बळींविषयी. सरवटे आपला की त्यांचा यावर दोघांचे चांगलेच जुंपले. मी चहा संपवला आणि सहज विचारले, “काय रे, आपला कोच कोण आहे सध्या?”

एक मुलगा दुसऱ्याकडे पाहू लागला.