जगात जर्मनी, भारतात परभणी... आणि गंगाखेडची जनाबाई

"जगात जर्मनी, भारतात परभणी" हे आपण परभणीकर हसत हसत सांगतो. परवा मुलीला युरोपातल्या धर्मसुधारणेचा धडा समजावून सांगताना वाटलं, या म्हणीत थोडं तथ्य आहे की!

धडा मार्टिन ल्यूथरचा. १५१७ साली विटेनबर्गमध्ये त्यानं पापमुक्तीपत्रांच्या विक्रीविरुद्ध ९५ मुद्दे मांडले. १५२२ मध्ये 'नवा करार' जर्मन भाषेत आणला. देवाचं म्हणणं सामान्य माणसाला त्याच्या भाषेत कळावं, एवढंच. मुलगी म्हणाली, "बाबा, आपल्याकडं असं कोणी झालंच नाही का?"

झालं ना बाळा, आणि सव्वादोनशे वर्षं आधी. ज्ञानेश्वरी १२९० ची. त्याच काळात आपल्या गंगाखेडची जनाबाई पंढरपुरात नामदेवांच्या घरी दासी होती. दळताना, कांडताना तिनं अभंग रचले. ल्यूथरच्या पाठीशी छापखाना होता, सॅक्सनीचा इलेक्टर होता. जनाबाईला होतं फक्त जातं. तरी तिचे शब्द बायांच्या तोंडून आपल्यापर्यंत आले.

पुढे इरॅस्मसनं १५१६ मध्ये ग्रीक 'नवा करार' तपासून छापला. तसंच काम १५८४ मध्ये पैठणला एकनाथांनी केलं. अनेक पोथ्या ताडून ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला. पैठण आणि गंगाखेड, दोन्ही एकाच गोदेच्या काठावर!

ही तुलना माझी नाही बरं का. न्यायमूर्ती रानड्यांनी १९०० साली मराठी सत्तेच्या उदयावरच्या पुस्तकात संतांची चळवळ आणि युरोपातली धर्मसुधारणा शेजारी शेजारी ठेवली होती.

पण इथं छाती फुगवून थांबू नका. चोखोबा देवळाबाहेरच राहिले. पंढरपूरचं मंदिर दलितांना खुलं व्हायला १९४७ साल उजाडलं, तेही साने गुरुजी उपोषणाला बसले तेव्हा. ज्ञानेश्वरीनंतर साडेसहाशे वर्षांनी! तिकडं ल्यूथरही काही वेगळा नाही. १५२५ मध्ये शेतकऱ्यांनी बंड केलं, तेव्हा तो सरदारांच्या बाजूनं उभा राहिला. देव सगळ्यांचा म्हणणं सोपं, जमीन आणि दार सगळ्यांचं म्हणणं अवघड.

म्हणून मला जनाबाई मोठी वाटते. तिच्याकडं ना पद, ना पोथी, ना जातीचं वजन. राबणारी बाई देवाशी थेट बोलली, हक्कानं भांडलीसुद्धा.

आता आपल्यापुरता प्रश्न. जनाबाईच्या नावानं आपण हात जोडतो. पण तिच्याच तालुक्यातली, आईबापासोबत ऊसतोडीला जाणारी पोरगी दिवाळीनंतर शाळेत दिसत नाही, तेव्हा आपण काय करतो? जर्मनीशी बरोबरी करायचीच असेल, तर हिशोब इथून सुरू करू.

तुमच्या गावात काय परिस्थिती आहे, कमेंटमध्ये जरूर लिहा.