तारा आहे, बोट कुठली?

आमच्या पणजोबांच्या ट्रंकेत सहा टोकांचा एक तारा आहे, '१९३९-४५ स्टार'. पणजोबा 'बेंगाल' बोटीवर होते म्हणे!

बोटीची माहिती गूगलबाबा लगेच देतो. ११ नोव्हेंबर १९४२, हिंदी महासागर. सुरुंग काढणारी चिमुकली 'बेंगाल', सोबत 'ओंडिना' हा डच टँकर. समोर तोफा चढवलेली दोन मोठी जपानी जहाजं. त्यातलं 'होकोकू मारू' बुडालं, आणि आपली दोन्ही वाचली!

पण मला हवाय माणूस. ताऱ्याच्या फितीवर तीन पट्टे: गडद निळा आरमाराचा, लाल लष्कराचा, फिकट निळा हवाईदलाचा. म्हणजे तिन्ही दलांना तोच तारा. त्यावरून बोट कशी कळणार?

युद्धात गेलेल्यांची नावं तरी आहेत. मुंबईतल्या इंडियन सेलर्स होमच्या स्मरणग्रंथात चारशेवर नौसैनिक आणि व्यापारी जहाजांवरचे सुमारे सहा हजार खलाशी आहेत. जिवंत परतलेले त्यात कसे असतील? त्यांच्यासाठी एक धागा म्हणजे डिस्चार्जच्या कागदावरचा सर्व्हिस नंबर. आमच्याकडे तो कागदच नाही.

तेव्हा मंडळी, पदक सगळेच जपतात. त्याखालचे पिवळे कागद रद्दीत देऊ नका. आणि आत्याआजीला काय आठवतंय, ते याच रविवारी विचारा.