सीबच्या किल्ल्याचा पुरावा

मस्कत बंदराच्या खडकांवर जलाली आणि मिरानी हे पोर्तुगीजांचे किल्ले अजून उभे आहेत. जवळच्या सीबला तसे मिरवायला काही नाही. तरीही सतराव्या शतकात तिथे पोर्तुगीजांचे ठाणे होते, आणि त्याचा पुरावा मिळतो तो गोव्यात सिद्ध झालेल्या एका ग्रंथात. अंतोनियु बोकारु याने १६३५ मध्ये पूर्वेकडच्या पोर्तुगीज ठाण्यांची वर्णने राजासाठी एकत्र केली. त्यांतले आराखडे पेद्रु बार्रेतु द रेझेंद याचे. मस्कत, मत्रह, बरका, सोहार यांच्याच मालिकेत तिथे 'सिबो' आहे. १६२२ मध्ये होर्मुझ हातचे गेल्यावर पोर्तुगीजांची सारी भिस्त ओमानच्या किनाऱ्यावर आली, हे ध्यानात घेतले की अशा छोट्या ठाण्यांचे प्रयोजन उमगते.

यावर कुणी म्हणेल, राजाच्या नजरेसाठी काढलेल्या चित्रावर विश्वास किती ठेवावा? शंका रास्त आहे. पण त्याच ग्रंथात वसई, चौल आणि कोर्लई आहेत, आणि त्यांचे तट आपल्या किनाऱ्यावर आजही पाहता येतात. चित्रकाराचा हात तिथे पारखता येतो. अशा आराखड्यांवरून लांबीरुंदी काढू नये. ठाणे कुठे होते आणि कशावर नजर ठेवत होते, एवढेच त्यांना विचारावे. सीबकडूनही तेवढेच मागायचे.

दुसरा आक्षेप असा, की जागा महत्त्वाची असती तर किल्ला टिकला नसता का? टिकणे हे महत्त्वापेक्षा बांधणीवर आणि डागडुजीवर अवलंबून असते. सीब ज्यावर वसले आहे तो बातिना हा सपाट, वाळूचा किनारा. मातीच्या विटांची भिंत तिथे देखभालीविना फार काळ तग धरत नाही. १६५० मध्ये ओमानच्या इमाम सुलतान बिन सैफने मस्कत घेतल्यावर पोर्तुगीजांची छोटी ठाणी निराधार झाली. बंदरावरचे किल्ले मात्र पुढच्या प्रत्येक राजवटीला हवेच होते. पण सीबचे महत्त्व संपले नव्हते. समाइल खोऱ्यातून अंतर्भागाकडे जाणारी वाट याच परिसरात किनाऱ्याला मिळते. म्हणूनच २५ सप्टेंबर १९२० रोजी मस्कतचा सुलतान तैमूर बिन फैसल आणि ओमानच्या अंतर्भागातले इमामाचे पक्षकार यांच्यातला तह सीबला झाला, हे नुसता योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. या किल्ल्याचा माग काढणाऱ्याने वाळू उकरण्याआधी बोकारुच्या ग्रंथातला कोर्लईचा आराखडा तिथल्या तटाशी ताडून पाहावा आणि समाइलची वाट नकाशावर आखावी.